दौरा कोणी केला?

आमच्या पशुसंवर्धन कार्यालयातला हिरव्या अक्षरांचा म्हातारा कॉम्प्युटर एकदाचा निवृत्त होणार होता. त्यातल्या गाईम्हशींच्या लसीकरणाच्या नोंदी एक्सेलमध्ये न्यायच्या होत्या. आजवरची पद्धत अशी, की एकाने पडद्यावरचं मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने टाइप करायचं. शेवाळेबाईंनी मात्र छोटासा प्रोग्राम लिहिला. नोंदी आपोआप उतरू लागल्या आणि बाई चहा पीत त्यांवर नजर ठेवून बसल्या.

नेमके तेव्हाच खरमाटेसाहेब दौऱ्यावरून आले आणि भडकले.

"काम कॉम्प्युटर करतोय आणि तुम्ही नुसत्या बसून? हे काम तुमच्या नावावर लागणार नाही. उलट मेमो मिळेल!"

बाईंनी कप खाली ठेवला. "साहेब, आजचा दौरा कोणी केला?"

"कोणी म्हणजे? मी!"

"आणि गाडी?"

"ती ड्रायव्हर चालवतो. कुठे जायचं ते मी सांगतो!"

"मीही कॉम्प्युटरला तेच सांगितलंय, साहेब. फरक एवढाच, की मी जागी आहे."

सगळ्यांच्या नजरा साहेबांच्या गालाकडे वळल्या. गाडीच्या सीटवरच्या टॉवेलची नक्षी तिथे अजून ताजी होती.

मेमो तसाच राहिला. साहेब आधी तोंड धुवायला गेले.