चावडीवरचा कागद

कंपनी सरकारच्या अमदानीत सातपुड्याच्या पायथ्याशी कॅप्टन टॉलमनचा तळ पडला होता. डोंगरातला बंडखोर झामा नाईक हाती लागेना, म्हणून साहेबाने त्याच्या बायकोला धरून तळावर आणलं. आठ दिवसांनी झामाने साहेबाची मडम पळवली.

साहेब पेटला. पायथ्याची तिन्ही गावं जाळायचा हुकूम निघाला, तीनशे शिपाई उभे राहिले. बिगूल वाजणार, तोच झामाची म्हातारी आई रेवली एक मोडी कागद घेऊन आली.

साहेबाला मोडी येत नव्हती. दाजी मुनशी वाचू लागला, "तुझी बायको आमच्या ताब्यात आहे. हवी असेल तर हत्यार टाकून एकटा ये. नाही आलास तर तिच्या जिवाची हमी नाही." खालचा शिक्का मुनशीने पाहिला, पण त्याबद्दल त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"बायकांच्या आडून लढणारा हा कोण भेकड?" साहेब कडाडला. "लिहिणाऱ्याला फटके मारले पाहिजेत."

"ते तुझं तू बघ, सायेब," रेवली म्हणाली. "आमच्यात कोणाला लिहिता येत नाही. म्हणणं मात्र तेच होतं, म्हणून तू चावडीवर लावलेला कागदच काढून आणला."

साहेब शिक्क्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात त्याने विचारलं, "माझी बायको बरी आहे ना?"

"माझी सून बरी असेल, तर तीपण बरी आहे."

साहेब उठला आणि त्या सुनेच्या राहुटीचा पहारा उठवायला स्वतः गेला. बिगूल काही वाजला नाही.