सावरीला काटे कसे आले

पूर्वी कृतयुगात सावरीच्या खोडाला काटे नव्हते. खोड केळीच्या खांबासारखे गुळगुळीत होते. थकल्या जिवाने पाठ टेकावी आणि डोळे मिटावेत, असे ते झाड. काटे एका बापामुळे आले.

पयोष्णीच्या तीरी वैरूप नावाचे मुनी राहत. तपाने उग्र, वाणीने कठोर. कुणाच्या घरी मरण आले की तेथे जाऊन सांगत, "देह मातीचा आहे. रडणे हे अज्ञान." रडणाऱ्या आईला त्यांनी कधी घोटभर पाणी दिले नाही. उपदेश मात्र दिला.

मग त्यांचाच मुलगा शंतम सर्पदंशाने गेला. वय वर्षे आठ. "तात!" अशी एक हाक मारली आणि निळा पडला.

आश्रमामागे सावर फुलली होती. अंगावर पान नाही, नुसती लाल फुले. त्यांतला मध प्यायला साळुंक्यांची झुंबड. मुनींनी त्या गार खोडाला पाठ लावली, तेव्हा कुठे त्यांना श्वास घेता आला. मग ते तेथून उठेनात.

दहाव्या दिवशी सावरीखालीच पिंड ठेवला. कावळा आला, फांदीवर बसला, शिवेना.

पत्नी अनूपा म्हणाली, "स्वामी, 'बाळा, जा' एवढे म्हणा. तुमच्या निरोपासाठी तो अडला आहे."

मुनींनी दर्भाचा कावळा वळला, पिंडाला टेकवला आणि म्हणाले, "झाले."

शेजारचे वृद्ध कुशीर ऋषी हसले. "वैरूपा, माझी लेक गेली तेव्हा चिता विझण्याआधी तू मला नश्वरता शिकवलीस. आज स्वतः गवताचे कावळे नाचवतोस?"

इतक्यात वरून एक फूल धप्पकन पडले. मुनी किंचाळले, "हेही जाणार?"

त्यांनी बारा वर्षांचे तप पणाला लावून वनदेवतेला पाचारण केले. ती प्रकटली.

"या सावरीचे फूल कधी गळू नये!"

"मुने, फूल गळले नाही तर बोंड नाही, बी नाही, पान नाही. विचार कर."

"मी वर मागितला आहे, सल्ला नाही."

"तथास्तु."

फुले राहिली. ग्रीष्म आला. मध आटला, पण लाल रंग पाहून पाखरे येत राहिली आणि सुक्या चोची घेऊन मरून पडली. पानांची सावली नव्हती, म्हणून घरट्यांत पिल्ले भाजली. मुनी खोडाला टेकून म्हणत, "पाहा, किती सुंदर!"

वर्षश्राद्धालाही कावळा शिवला नाही. अनूपेने वनदेवतेचे पाय धरले. "माते, माझे लेकरू कुठे आहे?"

"त्या फुलांत. बापाने फुलांबरोबर त्यालाही अडकवले. फुले आता गळणार नाहीत. ज्याने वर मागितला, त्यानेच ती खुडावीत. प्रत्येक फुलाबरोबर मुलगा पुन्हा मरेल."

अनूपेने नवऱ्याकडे पाहिले. "चढा."

मुनी चढले. पहिले फूल खुडले. "तात!" दुसरे खुडले. "तात!" तीच हाक, तेच विष. सकाळपासून सूर्य कलेपर्यंत ते खुडत होते आणि मुलगा मरत होता. अनूपा खाली पदर पसरून फुले झेलत होती. ती एकदाही "थांबा" म्हणाली नाही.

शेवटचे फूल राहिले. मुनींचा हात उठेना. मग ते हलकेच म्हणाले, "बाळा, जा."

फूल आपोआप सुटले. हाक आली नाही. कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

तेव्हा अनूपेने खोडावर हात ठेवून शाप दिला. "जो दुःखाने तुझ्यापाशी येईल त्याला तू रंग दाखव, सावली दे, पण कुणाला कवटाळू देऊ नकोस!"

मुनी अजून वर होते. ते खोड मिठीत धरून उतरले, आणि उतरता उतरता मिठीत काटे फुटले. जमिनीला पाय लागले तेव्हा छाती सोलून निघाली होती. अनूपेने त्यांना पाणी दिले. उपदेश दिला नाही.

आजही सावर फुलते, आणि फूल टवटवीत असतानाच आख्खे खाली टाकते. ज्याचे कुणी गेले असेल, त्याने तिच्याखाली जरूर बसावे. पाठ टेकू नये.