न घसरणारी प्लेट

“यातली कुठली बसवू, उस्ताद?”

सर्जेराव सुताराने हे विचारलं ते एकोणीसशे एक्याण्णव सालच्या मार्चात. शिमगा होऊन आठ दिवस झाले होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्रे तापायला लागले होते.

दस्तगीर उस्ताद आपल्या शेडमध्ये बाजेवर बसले होते. वय ऐंशीच्या घरात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गाड्यांची कामं सोडून त्यांना सहा वर्षं झाली होती.

पुढ्यात पोत्यावर दोन क्लचप्लेटा ठेवल्या होत्या. एक गाडीची मूळची, नवी लाइनिंग लावलेली. दुसरी ट्रकची, लेथवर कातून मापाला आणलेली.

बाहेर गाडी उभी होती. सदतीस सालची, इनामदारांची, क्लचच्या कामासाठी सर्जेरावकडे दिलेली. धाकटे इनामदार, धैर्यशील, तिच्याजवळ उभे राहून घड्याळ बघत होते.

उस्तादांनी दोन्ही प्लेटांवरून बोटं फिरवली.

“पुण्याच्या ग्यारेजात तीस माणसं हाताखाली हैत म्हणं तुझ्या. त्यातल्या एकालाबी ठावं न्हाई?”

“मलाच ठावं हाय की. ट्रकची बसवणार. कसलाबी चढ असू दे, तसूभर घसरणार न्हाई.”

“मग इचारतुयास कशाला?”

सर्जेरावने पोत्यावरच्या प्लेटा सरळ केल्या.

विचारायला तो आलाच नव्हता.

बावीस वर्षांपूर्वी तो याच शेडमध्ये शिकत होता. याच गाडीच्या क्लचला त्याने ताठ स्प्रिंगा घातल्या होत्या, उस्तादांना चोरून. उस्ताद नको म्हणाले होते, म्हणून चोरून. क्लच घसरला नाही. जोतिबाच्या चढावर गिअरचे दाते मात्र मोडले. थोरले इनामदार तावातावाने शेडमध्ये आले. उस्ताद खाली मान घालून म्हणाले, “काम माझं हाय.”

सर्जेराव तेव्हा चार हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने हूं की चूं केलं नाही. पुढच्या महिन्यात त्याने पुणं गाठलं.

त्यानंतर मोठ्या घरच्या मोटारी या दारात आल्या नाहीत. ज्या माणसाला सगळा जिल्हा बोलावणं धाडायचा, त्याने पुढची वर्षं रिक्षांचे ब्रेक आवळण्यात काढली.

एवढं एकदा बोलून टाकायचं, म्हणून सर्जेराव आला होता. पण तोंडातून निघाली ती प्लेटच.

“हात दे,” उस्ताद म्हणाले.

सर्जेरावने उजवा हात पुढे केला. उस्तादांनी मनगट आवळलं आणि सगळ्या ताकदीनिशी हिसका दिला. ऐंशीचं हाड, पण पकड सांडशीची. सर्जेराव कळवळला.

“कुठं दुखलं?”

“खांद्यात...”

“आन् मी धरलं व्हतं कुठं?”

सर्जेराव खांदा चोळत राहिला.

“पुन्यांदा दे.”

त्याने बिचकत हात दिला. हिसका तेवढाच होता. पण या वेळी उस्तादांची बोटं मनगटावरून घसरत गेली आणि सुटली. कुठंच दुखलं नाही.

“घसरती म्हणून मूळच्या प्लेटला नावं ठेवतुयास,” उस्ताद म्हणाले. “ती घसरती, म्हणून म्हागचा गिअर वाचतुय.”

सर्जेरावने ट्रकची प्लेट उचलून बाजूला सारली.

“उस्ताद... तवाच्या त्या स्प्रिंगा...”

“तुझ्या व्हत्या. खोलल्याबरोबर दिसल्या मला.”

“मग थोबाडीत का न्हाई मारलीसा?”

“मारली असती तर तू तिथंच मोकळा झाला असतास.”

बाहेर कुणीतरी लोखंड ठोकत होतं. ते थांबलं...

“रोज वाटायचं, आज येशील,” उस्ताद म्हणाले. “मग डोळं गेलं. मग वाट बघायचंबी गेलं.”

सर्जेराव उठला. उन्हात गेला. धैर्यशील इनामदारांच्या समोर उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“सायेब, तुमच्या वडलांच्या वक्ताला हिचा गिअर मोडला, तो उस्तादांनी न्हाई. त्यांनी नको म्हटलेल्या स्प्रिंगा मी चोरून घातल्या व्हत्या.”

इनामदारांनी घड्याळावरची नजर वर उचलली.

“वडील जाईपर्यंत म्हणत होते, दस्तगीरनं माझा घात केला,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. तुम्ही आता सांगताय?”

“व्हय. आता.”

“ज्यानं मोडली त्याच्याच हातात मी ही पुन्हा दिली!”

त्यांनी हात पुढे केला. सर्जेरावने खिशातून किल्ली काढून त्यावर ठेवली. ही गोष्ट पुण्यापर्यंत, त्याच्या गिऱ्हाइकांपर्यंत जाणार, हे त्याला कळत होतं.

इनामदार शेडकडे वळले. उस्ताद खांब चाचपत दारापर्यंत आले होते.

“उस्ताद, हा म्हणतो ते खरं आहे?”

बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना हे विचारलं होतं.

“खरं हाय,” उस्ताद म्हणाले. “त्यानंच मोडली. म्हणूनच गाडी त्याच्याच हातात द्या.”