काकांची झुलती खुर्ची

पुढे राज्याचा गव्हर्नर झालेल्या एमॉस टिल्फर्डने उमेदीच्या काळात अमेरिकेच्या पश्चिम सीमेवर, माळरानावरच्या एका खेड्यात किराणा दुकान घेतलं होतं. विकणारा होता कर्नल प्रुइट, गावातलं बडं प्रस्थ. त्याचे काका वारले आणि दुकान, पिठाची गिरणी, चारशे एकर जमीन असं सगळं घबाड त्याला मिळालं होतं.

दुकानात शेगडीपाशी काकांची झुलती खुर्ची तेवढी राहिली होती. वाऱ्याची झुळूक नसतानाही ती करकर वाजत डोलायची, आणि गिऱ्हाईक उंबरठ्यावरूनच मागे फिरायचं.

एका धुकट सकाळी कर्नल गावकरी गोळा करूनच आला.

"पोरा, काका अजून त्या खुर्चीत बसतात. दुकान त्यांचंच आहे. देईन ते घे आणि चालता हो."

खुर्ची करकरली. एमॉसच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी त्याने टोपी काढली आणि खुर्चीपुढे अदबीने मान लववली.

"बरं झालं, चारचौघांत बोललात कर्नलसाहेब. काका गेलेच नसतील, तर वारसा कसला? दुकान त्यांचं, तशी गिरणीही त्यांची आणि जमीनही. चला, सगळं आजच त्यांच्या हवाली करू. आधी तुम्ही."

कर्नलचा चेहरा पिठासारखा पांढराफटक पडला.

"काका मेले!" तो ओरडला. "मी स्वतः पुरलंय त्यांना! या खुर्चीत कुणीसुद्धा नाही!"

गावकरी हसत हसत दुकानात शिरले.

त्यानंतर ती खुर्ची कधीच डोलली नाही. पण त्याच संध्याकाळपासून कर्नलच्या गिरणीत, चाक थांबलेलं असतानाही, काहीतरी करकर वाजू लागलं.