उंबरठा नसलेले घर

पूर्वी वेत्रावती नगरात राजा सुकेतू राज्य करीत असताना बोधिसत्त्व दवंडी देणाऱ्याच्या कुळात जन्मला होता. वयात आल्यावर बापाचा डफ त्याच्या खांद्यावर आला. त्या कुळाचा एकच नेम होता. राजमुद्रा उमटलेले जे पान हाती येईल ते चौकाचौकात जसेच्या तसे सांगायचे. एक शब्द वाढवायचा नाही, एक गाळायचा नाही. शब्द चुकला तर जीभ छाटली जाई. बोधिसत्त्वाची जीभ शाबूत होती आणि चांगली चालतही होती.

नगराच्या मधोमध एक शिळा उभी होती. सुकेतूच्या आजोबांनी तिच्यावर कोरून घेतले होते : ‘मालकाच्या होकाराशिवाय राजपुरुषाने कोणाच्याही घराचा उंबरठा ओलांडू नये. राजानेही ओलांडू नये.’ दर पौर्णिमेला बोधिसत्त्व ही अक्षरे मोठ्याने वाची. लोक माना डोलवत आणि आपापल्या कामाला लागत. आपल्यावर पाळी येईपर्यंत शिळेकडे निरखून पाहण्याची गरज कोणाला वाटते?

त्याच नगरात मेखला नावाची कुंभारीण मातीची खेळणी करी. त्या वर्षी तिने एक हत्ती केला. पोट सुटलेला, फतकल मारून बसलेला, सोंडेत उसाची मोळी आणि चेहरा हुबेहूब मंत्री विदग्धाचा. गजशाळेचे हत्ती लोकांचा ऊस फस्त करीत आणि विदग्ध राजाला सांगे की ऊस यंदा आलाच नाही. आठ दिवसांत घरोघरी तो हत्ती जाऊन बसला. मंत्र्याची पालखी निघाली की माड्यांवरून लोक सोंडेसारखे हात हलवू लागले.

विदग्ध संतापला. मेखलेची खेळणी फोडायची आणि तिला नगराबाहेर घालवायचे, असे त्याने ठरवले. पण तिची विकायची राहिलेली सगळी खेळणी घरात होती, ती स्वतः घरात होती आणि आत येऊ द्यायला ती तयार नव्हती.

उघड उघड कायदा मोडणाऱ्याला निदान नावे ठेवता येतात. विदग्ध त्यातला नव्हता. त्याने शिपायांबरोबर एक सुतार पाठवला. सुताराने बाहेर उकिडवे बसून करवतीने मेखलेच्या दाराचा उंबरठा कापून काढला.

“अरे, हे काय चालवलंय?” मेखला आतून ओरडली.

“उंबरठा ओलांडायला मनाई आहे ना, बाई?” शिपायांचा नायक म्हणाला. “आता तो राहिलाच नाही. मग ओलांडणार काय? शिळेचा मान पुरता राखलाय आम्ही.”

“मान राखलात होय? मग तो उंबरठाही घेऊन जा. मंत्र्याला उशाला होईल!”

शिपाई आत शिरले. खेळण्यांच्या टोपल्या उचलल्या, मेखलेला चौकीत कोंडले आणि तिसऱ्या दिवशी तिला सीमेपार सोडायचे असे ठरले.

बोधिसत्त्व चौकीच्या गजांशी जाऊन उभा राहिला.

“दादा,” मेखला म्हणाली, “तुम्ही दर पौर्णिमेला ती शिळा वाचता. वाचवील का ती मला?”

“शिळा धावून येणार नाही, ताई.”

“मग कशाला घसा कोरडा करता?”

बोधिसत्त्वाला राग आला, मेखलेचा नव्हे. तो राग आत ठेवून तो विदग्धाकडे गेला आणि नमस्कार करून म्हणाला, “मंत्रिवर, शिळेचा असा अर्थ आजवर कोणाला सुचला नव्हता. लोक अजून गोंधळात आहेत. हा अर्थ लिहून द्याल तर दवंडी देतो.”

विदग्ध खुलला. आपल्या बुद्धीची दवंडी कोणाला नको असते? त्याने ताडपत्र मागवले आणि लिहिले : ‘ज्या वास्तूच्या दाराला उंबरठा नाही ती वास्तू घर नव्हे. तीत शिरण्यास कोणाचा होकार लागत नाही.’

“एवढेच?” बोधिसत्त्वाने विचारले.

“एवढेच.”

“पुन्हा एकदा वाचून पाहता का? माझ्या जिभेचा प्रश्न आहे.”

“थोडक्यात लिहिणे हीच तर विद्वत्ता, बाबा. तुम्हा डफवाल्यांना ती कशी कळणार?” असे म्हणत विदग्धाने राजमुद्रा उमटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोधिसत्त्वाने तीन चौकांत दवंडी दिली. चौथ्यांदा तो राजवाड्याच्या महाद्वारात उभा राहिला आणि तोच मजकूर तितक्याच मोठ्याने त्याने सांगितला. राजाचा रथ थेट अंगणात जाई. चाके अडखळू नयेत म्हणून त्या द्वाराला उंबरठा कधी बसवलाच नव्हता.

गर्दीत सोणा नावाची तेलीण आजी होती. ती वाकून पाहू लागली. “दादा, या दाराला उंबरठा कुठाय?”

“माझं काम सांगायचं, आजी. बघायचं काम तुमचं.”

आजीने पदर खोचला आणि ती सरळ आत चालू लागली.

“ए आजी, कुठे निघालीस?” नायकाने भाला आडवा धरला. हा तोच नायक होता.

“आत. घर थोडंच आहे हे! काल तूच नाही का मेखलेला समजावून सांगितलंस?”

नायकाने भाल्याकडे पाहिले, ताडपत्रावरच्या मुद्रेकडे पाहिले आणि भाला बाजूला केला. मग सगळे नगरच आत आले. धोबिणींनी दरबाराच्या खांबांना दोऱ्या बांधून धुणी वाळत घातली. कोणी मुदपाकखान्यात जाऊन आमटीला मीठ कमी आहे असे सांगून आले. एका गवळ्याची म्हैस कारंज्यात बसली आणि उठेना.

राजा सुकेतू आपल्या दालनात डोक्याला तेल लावून घेत होता. समोर सोणा आजी येऊन बसली.

“चालू दे, चालू दे,” आजी म्हणाली. “पण हे तेल भेसळीचं आहे हो, महाराज.”

राजा तसाच तेलकट डोक्याने बाहेर आला. विदग्ध धावत आला आणि ओरडला, “या डफवाल्याला पकडा! यानेच लोकांना चिथावले!”

बोधिसत्त्वाने ताडपत्र पुढे केले. राजाने ते एकदा वाचले, पुन्हा वाचले.

“म्हणजे माझे घर घर नव्हे?”

“मंत्र्यांच्या अर्थाप्रमाणे नव्हे, महाराज,” बोधिसत्त्व म्हणाला. “कालपासून मेखलेचेही नाही.” आणि करवतीची सगळी हकीकत त्याने जशी घडली तशी सांगितली.

राजाने कपाळावर ओघळलेले तेल पुसले. मग म्हणाला, “करवतीने कापता येत असेल तर आजोबांची शिळा कुचकामीच म्हणायची.”

“कुचकामी असती तर करवत कशाला आणावी लागली असती, महाराज? शिपाई थेट आत शिरले असते. शिळेने त्यांना दारात थांबवले. पुढचे काम तिचे नव्हते, आमचे होते. आम्ही नुसत्या माना डोलवत होतो.”

तेवढ्यात कारंज्यातली म्हैस रेकली आणि राजाला हसू फुटले. राजा हसला तसे सगळे हसले. विदग्धाने हसायचे की नाही हे ठरवेपर्यंत मेखलेला सोडण्याची आज्ञा झालीसुद्धा. आणखी एक आज्ञा झाली. शिळेचा जो कोणी नवा अर्थ काढील, तो आधी महिनाभर राजवाड्याला लागू होईल आणि मग प्रजेला. तेव्हापासून विदग्धाला नवे अर्थ सुचेनासे झाले.

मेखला संध्याकाळच्या आत घरी पोहोचली. टोपल्याही परत मिळाल्या आणि त्यांतली खेळणी बऱ्याच अंशी शाबूत होती. त्या आठवड्यात तिने कारंज्यात बसलेल्या म्हशी केल्या आणि त्या हत्तींपेक्षा जास्त खपल्या.

शास्त्यांनी, म्हणजे संघाच्या गुरूंनी, ही कथा विहारात सांगितली तेव्हा वंकक नावाचा एक भिक्षू खाली मान घालून बसला होता. दुपार टळल्यावर जेवायचे नाही, हा संघाचा नियम. वंककाने सावली मोजायच्या काठीवर छप्पर घातले होते आणि सावलीच पडत नाही तर दुपार टळली कशावरून, असे म्हणत तो जेवत होता. विहाराला भाजी आणून देणाऱ्या एका माळणीने ते सगळ्यांसमोर बोलून दाखवले होते.

शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा विदग्ध म्हणजे आजचा हा वंकक. तेव्हाही तो हुशार होता. सोणा आजी म्हणजे ही माळीण. मेखला आज भिक्षुणीसंघात आहे आणि अजूनही तिचे तोंड कोणी बंद करू शकलेले नाही. राजा सुकेतू म्हणजे आपल्याला हे उपवन देणारा गृहस्थ. आणि तो दवंडीवाला मीच होतो. त्या जन्मी मी सत्यपारमिता आचरली : जे लिहिले आहे ते गाळायचे नाही, वाढवायचे नाही आणि जिथे ऐकू जायला हवे त्या दारात उभे राहून मोठ्याने सांगायचे.”

वंकक उठला, बाहेर गेला आणि छप्पर काढू लागला.