नावेत बसलेली चापा

पूर्वी गंगेकाठच्या शंखपुरात सुदंत राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या न्यायसभेत अमात्य होते. त्या नगराचा एक कडक कायदा होता: गुन्ह्यात जो सोबत, तो करणाऱ्याइतकाच दोषी. राजाला या कायद्याचा भारी अभिमान. त्या कायद्याने गुन्हे कमी झाले का, हे मात्र कोणी तपासले नव्हते.

एकदा तिघे जण पैलतीरीचे कोठार लुटायला गेले. नाव वल्हवीत होती चापा, नावाड्याची पंधरा वर्षांची मुलगी. तिघांतला धनिक नावाचा तरुण तिचा मावसभाऊ. "धान्य आणायला जातोय," एवढेच त्याने तिला सांगितले होते. कोठारी आडवा आला, तेव्हा धनिकाने त्याला भोसकून ठार केले. चापा त्या वेळी नावेत बसून बोरे खात होती.

चौघेही पकडले गेले. नगररक्षक विरूढ प्रत्येकाला म्हणाला, "गुन्हा कबूल कर, साथीदारांची नावं सांग, शिक्षा कमी करवतो. नाहीतर सूळ आहेच." धनिक हुशार. त्याने सर्वांच्या आधी तोंड उघडले आणि पाच वर्षांच्या कैदेवर सुटला. चापानेही घाबरून गुन्हा कबूल केला, पण तिच्याजवळ सांगण्यासारखे काहीच नव्हते. तिला जन्मभर दगडाच्या खाणीत राबायची शिक्षा ठरली.

त्या शिक्षेवर राजमुद्रा उमटण्यापूर्वी बोधिसत्त्वांनी तिला विचारले, "बाळ, तू नेमकं काय कबूल केलंस?"

"मला नाही ठाऊक, स्वामी. हो म्हटलं की सूळ टळेल, असं नगररक्षक म्हणाले."

बोधिसत्त्व राजाकडे वळले. ते म्हणाले, "महाराज, खून करणाऱ्याजवळ विकायला माहिती होती, म्हणून तो स्वस्तात सुटला. या पोरीला काही माहीतच नव्हतं, म्हणून हिचा जन्म मातीत चालला."

"ती सोबत होती ना?" विरूढ फणकारला. "कायदा म्हणजे कायदा."

"मग मलाही धरा. हा अन्याय होताना मी इथे सोबत बसलो आहे." एवढे बोलून बोधिसत्त्व आसनावरून उतरले, चापाशेजारी उभे राहिले आणि त्यांनी बेड्यांसाठी हात पुढे केले.

राजाने हातातल्या मुद्रेकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "अमात्य, सर्वांत उंच आसनावर तर मी बसलो आहे." त्याने मुद्रा खाली ठेवली.

त्या दिवसापासून ज्याने जे केले त्याचाच त्याला दंड होऊ लागला, आणि कोवळ्या पोरांना भीती घालून कबुली घेणे बंद झाले. धनिकाचा खटला पुन्हा चालला. चापा आपल्या बापाकडे परतली, आणि तिच्यासारखी खाणीत गेलेली पोरेही एकेक करून घरी आली.

ही कथा सांगून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. चापा म्हणजे मागे बसलेली ही तरुण भिक्षुणी. तो अमात्य मीच होतो. आणि विरूढ म्हणजे, एकाने आंबे चोरले म्हणून काल सगळ्याच श्रामणेरांना, या बालभिक्षूंना, उपाशी ठेवणारा हा भिक्षू. त्याच्यावर रागावू नका. आज सकाळी त्याने स्वतःच्या पात्रातला भात त्या मुलांना वाढला आहे. यालाच मैत्री-पारमिता, म्हणजे मैत्रीभावाची परिपूर्णता, म्हणतात."