खडकोंडीची काठी आणि नारबा वस्ताद

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, असं खडकोंडीत विचाराल तर म्हातारी माणसं डोंगराकडे हात करतात आणि सांगतात, तेव्हा त्या वाटेवर पायऱ्या नव्हत्या. त्यापलीकडे हिशोब कुणालाच येत नाही. म्हणून आपणही निवांत बसू आणि ती बिनपायऱ्यांची वाट डोळ्यांपुढे आणू. गावातून निघायची, करवंदीच्या जाळ्यांतून वर चढायची, मग एका उघड्या सोंडेवर यायची, जिथे दोन्ही अंगांना खोल दरी, आणि तिथून थेट सिद्धोबाच्या दारात पोचायची. सिद्धोबाचं देऊळ गावाकडे तोंड करून आहे. देव दिवसभर बघत असतो, म्हणून खडकोंडीत खोटं बोलायचं झालं तर माणूस आधी घरात जातो, असं म्हणतात.

चैत्रात सिद्धोबाची जत्रा भरते. त्या दिवशी आसपासच्या सगळ्या गावांच्या काठ्या डोंगर चढतात. आता काठी म्हणजे म्हातारपणी हातात धरायची नव्हे बरं का. देवळाच्या कळसाहून उंच असा भक्कम वेळू, त्याला रंगीत कापडं गुंडाळलेली, शेंड्याला मोरपिसांचा तुरा. एक जण कमरेच्या जाड पट्ट्यात तिचा बुंधा टेकवून तिला कवेत धरतो. शेंड्याला बांधलेले चार दोर चौघे जण चार बाजूंनी ताणून धरतात. पेलणाऱ्याचं तोंड वर, त्यामुळे पायाखाली दगड आहे की खड्डा हे त्याला कळत नाही. वाट दोरवाल्यांनी बघायची आणि तोलही त्यांनीच राखायचा. पण लोकांचे डोळे असतात ते पेलणाऱ्यावर. गुलाल त्याच्या अंगावर, ओवाळायचं त्याला, आणि पुढे सोयरीक जमवतानाही पाहुणे हळूच विचारणार, पोरानं काठी पेलली होती का? दोरवाल्याला कुत्रंसुद्धा विचारत नाही.

नारबा हा खडकोंडीचा काठी पेलणारा. अंगानं असा की, गाडीचा बैल बसला तर लोक नारबाला हाक मारायचे. आणि त्याला स्वतःचं कौतुकही भारी होतं. एका जत्रेला सोंडेवर आल्यावर त्याला वाटलं, हे दोर उगाच आपल्याला ओढतायत. तो ओरडला, "सोडा रं ढिलं. मी एकटा बास हाय." दोरवाले आधीच त्याच्या तोऱ्याला कंटाळलेले. त्यांनी सोडले ढिले. दरीतून वारा उठला, काठी कलली, आणि नारबाचा उजवा खांदा घेऊन ती खडकावर आपटली. दुसऱ्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण नारबाचा उजवा हात त्यानंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही.

पहिला मान खडकोंडीचा होता, तो गेला. जत्रेच्या पंचांनी सांगितलं, यापुढे तुमची काठी सगळ्यांच्या मागून येईल, आणि पुन्हा पडली तर तिनं घरीच राहायचं. देवाच्या डोळ्यांसमोर राहणाऱ्या गावाला असं ऐकावं लागणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगत नाही. पुढची काही वर्षं काठी गावातल्या देवळाच्या आढ्याला टांगून राहिली. तिला हात लावायला कुणी धजेना. पेलायला नाही आणि दोराला तर नाहीच. तरणी पोरं पारावर बसून एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत. खालची आळी वरच्या आळीला म्हणे, दोर तुमच्या माणसानं सोडला. वरची आळी म्हणे, तुमच्या.

आणि नारबा? तो घरात भिंतीकडे तोंड करून बसायचा. एकदा सकाळी त्याची बायको हौसाक्का त्याच्या हातात खराटा देऊन म्हणाली की, डाव्या हातानं झाडता तरी येतंय न्हवं. तिच्या मनात अंगण होतं. पण नारबा खराटा घेऊन निघाला तो गावाबाहेरच्या पडक्या तालमीत गेला, आणि त्यानं ती लख्ख झाडून काढली.

लोकांना वाटलं, एका हातानं हा कुस्ती काय शिकवणार? त्यानं कुस्ती शिकवलीच नाही. तालमीपुढच्या मोकळ्या जागेत त्यानं एक साधा वेळू आणला, त्याला चार दोर बांधले आणि पारावरच्या पोरांना बोलावलं. त्याचा नियम सोपा होता. आधी दोर, मग काठी. जो काठी मागेल त्याला आणखी एक वर्ष दोरच मिळेल. पोरं काय कमी हुशार होती? काठी मागणं बंदच झालं. ज्याला बघावं तो म्हणतोय, मला नको बाबा, तू घे. नाही रे, माझ्यापेक्षा तुझाच हक्क मोठा. एवढी नम्रता की वाटसरूला वाटावं, इथं साधूंचा मठ आहे. नारबा मिशीत हसायचा आणि सगळ्यांच्या हातात दोर द्यायचा.

ज्यांचं पटत नाही त्यांना तो समोरासमोरच्या दोरांवर उभं करायचा. खालच्या आळीचा दौलू आणि वरच्या आळीचा इठू यांच्यात तर बांधावरून वडिलांपासूनचं भांडण. एकानं चिडून हिसका दिला की वेळू त्याच्याच डोक्यावर यायचा. टाळकी शेकली तशी अक्कल येत गेली. दुसऱ्याचा दोर किती ताणलाय हे आपल्या दोरातून हाताला कळतं, हे पोरांना उमगलं. मग ते इतर ठिकाणीही कळायला लागलं. पावसाआधी कुणा म्हातारीचं छप्पर शाकारायचं असलं की तालमीची पोरं न सांगता चार कोपऱ्यांना उभी. चिखलात गाडी रुतली की दोन्ही चाकांना दोन-दोन जण. पुढे पुढे तर पाळण्यातलं पोर रडायचं थांबेना, तरी बाया म्हणायच्या, तालमीतल्या कुणाला बोलवा गं. गावाला बरे दिवस आले. दोराची तालीम असं नाव चेष्टेनं पडलं होतं, तेच पुढे अभिमानानं घेतलं जाऊ लागलं.

अखेर नारबानं आढ्याची काठी खाली काढली. पेलायला दौलूला उभं केलं. एका दोरावर इठू, बाकीच्या तिन्हींवर त्याच्यासारखेच तयार गडी. जत्रा तोंडावर आली होती, आणि काठी काही सरळ उभी राहीना. ती डावीकडे कलायची, नारबा ओरडायचा, डावा ढिला. मग ती उजवीकडे जायची. नारबा जितका ओरडे तितकी ती जास्त डुले. ताकाची चरवी घेऊन आलेली हौसाक्का बांधावर उभी राहून हे बघत होती.

घरी आल्यावर तिनं ताटात भाकरी वाढली आणि मग म्हणाली, "परवा तुम्ही बाजारला गेल्तासा, तवा काठी दिसभर सरळ हुबी हुती."

नारबानं मान वर केली.

"पोरं सांगायची न्हाईत, म्हणून मी सांगते. तुम्ही असला की ती शेंड्याकडं बघत न्हाईत. तुमच्या तोंडाकडं बघत्यात."

भाकरी ताटात तशीच राहिली. नारबाला राग आला, आणि रागाच्या तळाशी लाज होती. एकेकाळी त्यानं दोर सोडायला लावले होते, कारण तो एकटा बास होता. आता तो काठीला हातसुद्धा लावत नव्हता, तरी सगळी काठी त्याच्या एकट्याच्या तोंडावर तोललेली होती. म्हणजे खांदा मोडला तरी खोड मोडली नव्हती. हे त्याला कळलं. पण कळलं तरी करायचं काय, हे काही सुचेना.

जत्रेचा दिवस उजाडला. दुपार कलल्यावर काठ्या निघाल्या. ढोल वाजत होते, खोबऱ्या-गुलालाची उधळण चालली होती. खडकोंडीची काठी सगळ्यांच्या मागे. पंच तिथंच उभे होते. त्यांनी नारबाला बजावलं की दोरांजवळून हलू नको, तुझ्यावरच भिस्त आहे. नारबानं पोरांकडे पाहिलं. चौघे दोरवाले त्याच्या तोंडाकडे बघत होते. ज्यानं फक्त शेंड्याकडे बघायचं, तो दौलूही त्याच्याच तोंडाकडे बघत होता.

तेव्हा नारबा म्हणाला, "मी म्होरं चालतो. मागं बघायचा न्हाई. काठी पडली तर आवाज यीलच. तवर मी चालत ऱ्हाईन."

आणि तो वळला आणि चालू लागला. पंचांना वाटलं, याचं डोकं फिरलं. गाव म्हणालं, बिचाऱ्याला बघवत नाही.

सूर्य मागे कलला होता, त्यामुळे काठीची सावली डोंगरावर पुढे पडत होती, आणि तुऱ्याची सावली नेमकी नारबाच्या पावलांपुढे. ती सरळ होती तोवर त्याचा जीव थाऱ्यावर होता. करवंदीच्या जाळ्यांत सावली डुलू लागली. मागून इठूची हाक आली, "वस्ताद, ढिला सोडू का?" उत्तर नारबाच्या ओठांवर होतं. त्यानं ते गिळलं. खांदा मोडला तेव्हाही इतकं दुखलं नव्हतं, असं तो पुढे हौसाक्काला म्हणाला म्हणे. मग इठूचाच आवाज आला, पण आता तो नारबाला विचारत नव्हता. तो म्हणाला, "दौलू, तुला कसं वाटतंय?" दौलू काहीतरी बोलला, पलीकडचा बोलला, आणि सावली हळूहळू सरळ झाली.

मग सोंड आली. आणि नेमकं तिथंच आभाळ भरून आलं. ऊन गेलं, सावली गेली, दरीतून वारा उठला. तो असा वारा की ढोलाचा आवाज ढोलातून निघायच्या आधीच पलीकडच्या खोऱ्यात जाऊन पडत होता, असं म्हणतात. पुढच्या गावांनी एकेक करून आपापल्या काठ्या जमिनीवर आडव्या केल्या आणि माणसं त्यांच्यावर पालथी पडली. त्यांच्यामधून नारबा चालत होता. काठी पडली तर आवाज येईल, असं तो म्हणाला होता. आता त्या वाऱ्यात कुठलाच आवाज येत नव्हता. आपल्या मागे काठी आहे की नाही, पोरं आहेत की दरीत गेली, त्याला काही कळायला मार्ग नव्हता. ज्या खडकावर त्याचा खांदा मोडला तो खडक आला. एकदा, फक्त एकदा वळून बघावं, असं त्याला इतकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्यानं डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला, जणू दुसऱ्या कुणी ठेवावा तसा, आणि तो चालत राहिला.

मागे काय झालं, याबद्दल नाना गोष्टी आहेत. कुणी सांगतं, दौलूचे पाय जमिनीवरून सुटले आणि तो काठीसकट वरच्या वर तरंगत सोंड पार करून आला. कुणी सांगतं, सिद्धोबा स्वतः देवळातून उतरला आणि त्यानं पाचवा दोर धरला. कुणी सांगतं, काठी धनुष्यासारखी वाकली, तिचा तुरा नारबाच्या मुंडाशाला घासला आणि ती पुन्हा ताठ झाली, तरी नारबा वळला नाही. तालमीतल्यांना विचाराल तर ते म्हणतात, तसं काही नव्हतं; पाच जण पूर्ण वाटभर एकमेकांशी बोलत होते. मला विचाराल तर मला दोन्ही खरं वाटतं.

नारबा देवळाच्या पायरीपाशी पोचला. वारा पडला होता. मागे चिडीचूप. तो सिद्धोबाकडे बघत उभा राहिला आणि सिद्धोबा त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. जे काय आहे ते देवाला दिसत होतं, नारबाला नाही. तेवढ्यात ढगाच्या खालून सूर्य निघाला. पायरीवर एक लांब, सरळ सावली पडली आणि तिच्या शेंड्याचा तुरा अलगद देवळाच्या उंबऱ्यावर येऊन टेकला.

मागून दौलूचा दम लागलेला आवाज आला, "वस्ताद, बघा की आता."

"बघतोय की," नारबा म्हणाला. तो सावलीकडे बघत होता आणि लहान पोरासारखा रडत होता.

खडकोंडीला पहिला मान परत मिळाला. पुढल्या वर्षी नारबानं खराटा दौलूच्या हाती दिला आणि तो स्वतः एका दोरावर जाऊन उभा राहिला. जितका हात उचलत होता तितका उचलून. त्याच्यापुढच्या वर्षी दौलूनं खराटा इठूला दिला, आणि बांधाचं भांडण कुठे गेलं ते दोन्ही आळ्यांना आजतागायत सापडलेलं नाही.

आता डोंगराला पायऱ्या आहेत. तालमीच्या जागी तरुण मंडळाचं पत्र्याचं कार्यालय आहे, आत कॅरम आहे, आणि भिंतीवर तो खराटा टांगलाय. आतापर्यंत त्याचं सगळंच कितीदा बदललंय, पण खराटा नारबाचाच. ज्याच्या हाती तो दिला जातो तो वर्षभर मंडळाचा प्रमुख, आणि वर्ष संपलं की त्यानं दोरावर यायचं. जत्रेत प्रमुख काठीच्या पुढे चालतो आणि मागे बघत नाही. पोरंटोरं बाजूनं ओरडतात, काठी पडली, काठी पडली. तरी तो बघत नाही. वर पोचल्यावर सगळे थांबतात, आणि उंबऱ्यावर सावली पडेपर्यंत कुणी नारळ फोडत नाही. ढग असले तर ढग जाईपर्यंत गाव बसून राहतं, भेळ खातं. पहिलं खोबरं चार दोरवाल्यांना, पेलणाऱ्याला त्यांच्यानंतर.

गेल्या साली खराटा दौलूच्या वंशातल्या शेवंतीकडे होता. मुलीला हा मान पहिल्यांदाच मिळाला, म्हणून जरा कुजबुज झाली, पण ती कुजबुज पायथ्याशीच राहिली. शेवंती वर गेली, पायरीपाशी उभी राहिली. ऊन होतं. मागून काठी पेलणाऱ्या पोरानं रीतीप्रमाणे म्हटलं, वस्ताद, बघा की आता.

आणि तिनं, न वळता, डोळे पुसत सांगितलं, "बघतीय की."